तबला सोडायचा की डिबेट?

अमेरिकेत सेंट्रल न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं काही देत नाही, पत्रही थोडक्यात सांगते.

मुलगी पंधरा वर्षांची, येत्या सप्टेंबरमध्ये दहावीत जाईल. लहानपणापासून तबला शिकते, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देते. रविवारी मराठी शाळेत छोट्यांच्या वर्गावर शिक्षिकेला मदत करते. नववीत आईच्या आग्रहामुळे तिने डिबेट आणि रोबोटिक्स दोन्ही घेतलं. आजी घरातच असतात आणि पक्षाघातानंतर त्यांना आधार लागतो. शाळेनंतर काही नसेल त्या दुपारी आई-बाबा कामावरून येईपर्यंत नातच त्यांच्याजवळ असते, औषधं देते आणि थेरपिस्ट-डॉक्टरांशी बोलताना दुभाषी होते. उन्हाळ्यात आई-बाबा एका खासगी कॉलेज सल्लागाराला भेटले. त्याने कागद चाळून सांगितलं की तबला आणि मराठी शाळा "प्रत्येक भारतीय मुलाच्या अर्जात असते", ती बंद करा. त्याऐवजी मुलीच्या नावाने नॉनप्रॉफिट, म्हणजे सेवाभावी संस्था काढा, एखादा रिसर्च पेपर छापून आणा आणि डिबेटमध्ये पद मिळवा. मुलीला मात्र डिबेट सोडून गावातल्या आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करायची आहे. ती म्हणाली, "आई, मला एक तरी शनिवार दे." बाबा म्हणतात, तिला करू दे काय ते. आई विचारतात: "आम्ही दोघंही बारावीच्या टक्क्यांवर इंजिनिअरिंगला गेलो. इथलं आम्हाला कळत नाही. कॉलेजच्या दृष्टीने नेमक्या कोणत्या ॲक्टिव्हिटीज ठेवू आणि कोणत्या काढू? मुलगी मागे पडली तर दोष माझा."

ताई,

दोषाचं ते ओझं आधी खाली ठेवा. ते डोक्यावर असलं की आपण मुलीसाठी निर्णय घेतोय असं वाटतं, पण घेतो आपल्या भीतीसाठी. तुमची मुलगी तबला वाजवते, लहान मुलांना अक्षरं गिरवायला शिकवते, आजीच्या औषधांच्या वेळा सांभाळते आणि वर स्वतःचे चार पैसे कमवू बघते. ती कुणाच्या मागे पडली आहे हे मला पत्र पुन्हा वाचूनही सापडलं नाही.

आता तुमचा प्रश्न. "नेमक्या कोणत्या?" असं विचारताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे. कुठेतरी एक तक्ता आहे, त्यात प्रत्येक ॲक्टिव्हिटीपुढे गुण लिहिलेले आहेत आणि तो इथल्या लोकांना पाठ आहे, आपल्यालाच माहीत नाही. असं वाटणं साहजिक आहे, कारण आपण जिथून आलो तिथे असा तक्ता खरोखरच असतो. महाराष्ट्रात आजही चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली, शास्त्रीय संगीताच्या परीक्षा पास झाल्या किंवा राज्य पातळीवर खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात. प्रमाणपत्र जोडायचं, गुण घ्यायचे, आणि किती ते शासनाच्या निर्णयात छापलेलं असतं. पुढे गुणवत्ता यादी, सीईटी, कॅप राउंड, कटऑफ. नियम कडक असतात, पण उघड असतात. एका गुणाने सीट गेली तरी का गेली हे घरात सगळ्यांना समजतं.

अमेरिकेत डिबेटला इतके आणि तबल्याला तितके असं कुठेच लिहिलेलं नाही. मग लोक तो तक्ता स्वतःच तयार करतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवतात. "अमक्यांचा मुलगा रोबोटिक्समुळे लागला" असं कुणीतरी लिहितं आणि पुढच्या आठवड्यात दहा घरांतली मुलं रोबोटिक्सला जातात. त्या मुलाने कोणते विषय घेतले होते, निबंधात काय लिहिलं, शिक्षकांनी पत्रात काय म्हटलं, हे त्या दहा घरांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं.

तरी अगदी अंधारातच चाचपडायला हवं असं नाही. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की पीडीएफ मिळते. त्यात सी-7 हा भाग काढा. तिथे प्रवेशाचे निकष ओळीने दिलेले असतात: किती अवघड विषय घेतले, जीपीए (शाळेतल्या श्रेणींची सरासरी), परीक्षांचे गुण, निबंध, शिफारसपत्रं, मग एक्स्ट्राकरिक्युलर, कला, स्वभाव, स्वयंसेवा, नोकरीचा अनुभव वगैरे. प्रत्येक ओळीपुढे 'अतिशय महत्त्वाचं', 'महत्त्वाचं', 'विचारात घेतो' आणि 'विचारात घेत नाही' यांपैकी एका घरात फुली असते. मुलीला आवडतील अशी पाच-सहा कॉलेजं निवडा, त्यात रटगर्स, टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) अशी आपल्या राज्यातली असू द्या, आणि एका संध्याकाळी तिघांनी मिळून ही पानं वाचा. वर्गातला अभ्यास जवळपास सगळीकडे सगळ्यात वर दिसेल. ॲक्टिव्हिटीजची फुली कॉलेजागणिक सरकते. आणि स्वयंसेवा व नोकरी यांच्या ओळी वेगळ्या असतात, हेही दिसेल. आइस्क्रीमच्या दुकानावरून वाद घालण्याआधी ती नोकरीची ओळ जरूर पाहा.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांत फारशी बोलली जात नाही. या देशातली बहुसंख्य चार वर्षांची कॉलेजं आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना घेतात. जिथे शंभरात तीन-चार किंवा पाच जणांनाच प्रवेश मिळतो अशी कॉलेजं मूठभर आहेत, आणि आपली सगळी चर्चा त्या मुठीभोवती फिरते. तिथेही अर्ज करू नये असं मी म्हणत नाही, करावा. पण हजारो मुलांचे गुण उत्तम असतात तिथे कोणत्याच एका ॲक्टिव्हिटीने दार उघडेल असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. कॉलेज सल्लागारांच्या स्वतःच्या व्यावसायिक संघटनाही सभासदांनी प्रवेशाची हमी देऊ नये असंच सांगतात. तुमच्या सल्लागाराने तशी काही हमी दिली असेल तर पुढचा हप्ता भरण्याआधी थांबा.

आता प्रत्यक्ष फॉर्मकडे येऊ, कारण तो एकदा डोळ्यांखालून गेला की बरीचशी धास्ती कमी होते. हजाराहून जास्त कॉलेजं 'कॉमन ॲप' हा एकच अर्ज घेतात. त्यात ॲक्टिव्हिटीजसाठी जास्तीत जास्त 10 जागा असतात. प्रत्येक जागेत प्रकार निवडायचा, मग तुमचं पद 50 अक्षरांत, संस्थेचं नाव 100 अक्षरांत आणि काय केलं ते 150 अक्षरांत लिहायचं. यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात, म्हणजे वर्णन म्हणून एक छोटासा मेसेजच बसतो. त्याखाली नववी ते बारावीपैकी कोणत्या वर्षांत केलं, शाळा चालू असताना की सुट्टीत, आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे. आणि मुलांना सांगितलेलं असतं की तुम्हाला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वर लिहा.

जागा दहा आहेत म्हणून दहा भरायलाच हव्यात असं नाही. एमआयटीचा फॉर्म वेगळा आहे आणि तो चारच ॲक्टिव्हिटीज विचारतो. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या 'मेकिंग केअरिंग कॉमन' प्रकल्पाने 2016 साली एक अहवाल काढला, त्याला बऱ्याच कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांचा पाठिंबा होता. त्यातही हेच म्हटलं होतं की दोन-तीन गोष्टी मनापासून केलेल्या पुरतात, आणि घरासाठी कमावणं किंवा घरातल्यांना सांभाळणं हेही तितकंच मोलाचं धरावं. याच्या उलट वागण्याला आपल्याकडे एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात, आणि अर्ज वाचणाऱ्यांना त्या चिंध्या लगेच दिसतात. चार वर्षांत अकरा क्लब, प्रत्येकात वर्षभर नाव, कुठेच काही केलेलं नाही.

तुमच्या मुलीच्या दोन ओळी मी नमुन्यादाखल लिहून पाहते. खरे तपशील ती भरेल.

पहिली ओळ. पद: सहायक शिक्षिका. संस्था: मराठी शाळा. वर्णन: 'सहा-सात वर्षांच्या मुलांना बाराखडी, वाचन शिकवते. गोष्टींचे चित्रतक्ते बनवले. न बोलणाऱ्या मुलांचा वेगळा गट घेते.' आठवड्याला 3 तास, वर्षाला 30 आठवडे, नववी ते बारावी.

दुसरी ओळ. प्रकार: कौटुंबिक जबाबदारी. हो, हा प्रकार कॉमन ॲपच्या यादीत वेगळा दिलेला आहे, पगारी नोकरीसारखाच. वर्णन: 'पक्षाघातातून सावरणाऱ्या आजीबरोबर दुपारी असते. औषधं, चालण्याचा व्यायाम, थेरपिस्टशी बोलताना मराठी-इंग्रजी दुभाषी.'

तुम्ही आजींबद्दल एका वाक्यात, जाता जाता लिहिलंय, जणू त्याचा या विषयाशी संबंधच नाही. पण पंधराव्या वर्षी एखाद्या वयस्क माणसाचं दुखणं डॉक्टरांच्या भाषेत सांगणं आणि डॉक्टरांचं म्हणणं आजीला कळेल अशा मराठीत परत सांगणं, ही जबाबदारी किती मुलं पेलतात? हे फॉर्ममध्ये लिहिण्यात संकोच नको. त्याच वेळी, फॉर्ममध्ये चांगलं दिसेल म्हणून तिच्या आजीजवळच्या दुपारी वाढवू नका. तिला ते जड जात असेल तर मदतनीस शोधणं हे तुम्हा दोघांचं काम आहे. तिला एकदा विचारा, जड जातं का म्हणून. बहुतेक वेळा मुलं आपणहून सांगत नाहीत.

आता सल्लागाराच्या त्या वाक्याबद्दल. "प्रत्येक भारतीय मुलाच्या अर्जात असते." हे वाचून मला वाईट वाटलं, आणि ते मी स्पष्ट सांगते. यामागची भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात आशियाई अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाच्या मूल्यांकनात सरासरीने कमी श्रेणी मिळत असल्याचं आकड्यांतून पुढे आलं होतं. विद्यापीठाने भेदभाव नाकारला, खालच्या न्यायालयाने ते मान्यही केलं, पण 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने वंश लक्षात घेऊन प्रवेश देण्याची पद्धतच बंद केली. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की आपल्या वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने निबंधात लिहायला हरकत नाही. एवढं सगळं घडलेलं असताना आपल्या घरांत काळजी असणारच.

पण उपाय काय सुचवला जातोय तो बघा. मुलीने आपलं मराठीपण अर्जातून पुसावं. तिचं नाव, आडनाव अर्जाच्या पहिल्या पानावर आहे, ते कुठे लपवणार? आणि समजा लपवता आलं असतं, तरी दोन वर्षं आवडीचं सोडून नावडीचं करणारी मुलगी निबंध कशावर लिहील? 650 शब्दांची मर्यादा असलेला तो निबंध तिला स्वतःला लिहायचा आहे. तबला वाजवणारी मुलं खूप आहेत, खरं आहे. व्हायोलिन वाजवणारी आणि सॉकर खेळणारी त्याहून खूप जास्त आहेत, त्यांना कुणी सोडा म्हणत नाही. वाचणाऱ्याला वाद्याच्या नावावरून काही कळत नाही. त्या वाद्याबरोबर हिने काय केलं, यावरून कळतं. कुणी शाळेच्या जॅझ बँडबरोबर झपतालात एक तुकडा बसवून बघतं, कुणी वृद्धाश्रमात महिन्यातून एकदा भजनाला साथ करतं, कुणी गुरुजींच्या नवख्या विद्यार्थ्यांना तबल्यातला एखादा कायदा बसवून देतं. आणि कुणी यातलं काहीच न करता रोज तासभर रियाझ करतं. तेही चालतं.

मराठीबद्दल एक उपयोगी माहिती इथेच देते. न्यू जर्सीत 'सील ऑफ बायलिटरसी' आहे. इंग्रजी आणि आणखी एका भाषेत ठरावीक पातळी गाठलेल्या मुलांना बारावी संपताना हा राज्याचा शिक्का मिळतो. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेत) मराठीसाठी कोणती चाचणी मान्य आहे ते वर्ल्ड लँग्वेज विभागाला आत्ताच विचारून ठेवा, बारावीत धावपळ नको. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचा) अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांमध्ये भारती विद्यापीठाच्या परीक्षा होतात आणि काही डिस्ट्रिक्ट मराठीच्या अभ्यासाला क्रेडिटही देतात. तुमची मराठी शाळा त्यात आहे का, हे शाळेच्या संचालकांना माहीत असेल.

एवढं तबल्याच्या बाजूने बोलल्यावर मला तुम्हालाही एक विचारायचं आहे. तुमच्या सबंध पत्रात मुलीचं एकच वाक्य आहे, शनिवारचं. तबल्याबद्दल ती काय म्हणते ते कुठेच नाही. तो तिला हवा आहे, की लहानपणी तुम्ही हात धरून नेलंत म्हणून चालू आहे? हे तुम्ही गृहीत धरू नका, मीही धरत नाही. तिला हवा असेल तर जगातला कुठलाही सल्लागार म्हणाला तरी बंद करू नका. पण तिलाच तो नको असेल, तर आपली संस्कृती, आपला वारसा या शब्दांनी तिला बांधूनही ठेवू नका. दोन्हीकडे निर्णय मोठ्यांचाच झाला, तर सल्लागाराच्या आणि आपल्या वागण्यात फरक उरत नाही.

विचारायचं कसं? "तुला काय आवडतं?" असं समोर बसवून विचारलं तर पंधरा वर्षांचं मूल "माहीत नाही" म्हणतं आणि फोन उचलतं. त्यापेक्षा गाडीत, तिला कुठेतरी सोडताना विचारा. कोणत्या दिवशी शाळेतून येताना बरं वाटतं? कोणत्या क्लासच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो? कॉलेजच्या फॉर्ममध्ये ॲक्टिव्हिटीजचा रकानाच नसता तर तू यातलं काय चालू ठेवलं असतंस? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. उत्तर आलं की त्यावर लगेच काही बोलू नका, फक्त ऐका.

मग कागद घ्या आणि तासांचा हिशोब मांडा, कारण इच्छा कितीही असल्या तरी आठवड्याचे तास 168 च आहेत. या वयाला रोज 8 ते 10 तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. साडेआठ धरले तर साठ तास तिथेच गेले. शाळा आणि बस मिळून आठ तासांचे पाच दिवस, म्हणजे चाळीस. दहावीत ऑनर्सचे, म्हणजे वरच्या पातळीचे विषय घेतले तर गृहपाठ अठरा तास तरी खातो. जेवणखाण, अंघोळ, घरातली इकडची तिकडची कामं यांचे सतरा. उरले तेहतीस. त्यात आजीजवळच्या दुपारी, मैत्रिणी, आणि काहीही न करता लोळणंही आहे, ज्याची या वयात खरंच गरज असते. माझ्या मते शाळा चालू असताना ॲक्टिव्हिटीजना बारा ते पंधरा तासांवर जाऊ देऊ नये. डिबेट, रोबोटिक्स, तबला, मराठी शाळा आणि वर सल्लागाराची नॉनप्रॉफिट यांची बेरीज करून बघा. ती झोपेतूनच काढावी लागेल. आणि अकरावी, ज्या वर्षी अभ्यास सगळ्यात जड असतो, ती अजून यायची आहे.

या हिशोबात तुमचे तासही लिहा. न्यू जर्सीत 17 पूर्ण झाल्याशिवाय मुलांना एकट्याने गाडी चालवता येत नाही. म्हणजे पुढची जवळपास दोन वर्षं तिचा प्रत्येक क्लास ही तुमची किंवा बाबांची फेरी आहे. आईबाप थकून चिडचिडे झाले की त्या क्लासची मजा मुलासाठीही संपते.

आता एकेक घेऊ.

नॉनप्रॉफिट नको. हे मी बिनदिक्कत सांगते. कागदांवर सही तुमची, वेबसाइट तुमच्या पैशाची, आणि मुलगी कॉलेजला गेली की संस्था बंद. अर्ज वाचणाऱ्यांनी अशा संस्था भरपूर पाहिलेल्या असतात. तिला एखाद्या प्रश्नाची खरीच तळमळ असेल तर गावात त्यावर काम करणारं कुणीतरी आधीच असतं: फूड पँट्री, ग्रंथालय, रेस्क्यू स्क्वॉडचे (ॲम्ब्युलन्स सेवेचे) कॅडेट. तिथे जाऊन इतरांच्या हाताखाली काम करणं स्वतःला संस्थापक म्हणवण्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवतं. रिसर्च पेपरचंही तेच. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर तिने एखादा प्रश्न धरून प्रयोग केला तर उत्तम. काही हजार डॉलर भरून कुणीतरी लिहून दिलेल्या लेखावर तिचं नाव घालणं हे खोटं आहे, आणि पंधराव्या वर्षी आईबापांनी पैसे भरून खोटं शिकवू नये.

डिबेट सोडण्याआधी एक मात्र नीट समजून घ्या. ती कशाला कंटाळली आहे? पहिल्या वर्षी नवखी मुलं हरतात, सगळीच हरतात. त्यामुळे मन खचलं असेल तर कोचशी एकदा बोलून बघण्यासारखं आहे. जोडीदाराशी पटत नसेल तर जोडी बदलता येते. पण पहाटे उठून शनिवारभर कुठल्यातरी शाळेच्या वर्गाबाहेर पुढच्या फेरीची वाट बघत बसणं हेच तिला नको असेल, तर ते पुरेसं कारण आहे. एका वर्षाने सोडलं म्हणून अर्जावर डाग पडत नाही. वाटलं तर नववीच्या वर्षापुरती ती ओळ लिहिता येते, नाही लिहिली तरी कुणी विचारत नाही. फक्त तिने स्वतः कोचना भेटून सांगावं, तुम्ही ईमेल करू नका. हंगाम सुरू होण्याआधी सांगितलं तर टीमचीही अडचण होत नाही.

रोबोटिक्सबद्दल पत्रात ना तक्रार आहे ना कौतुक. तुमच्या शाळेची टीम एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) ही स्पर्धा खेळत असेल तर हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि ते आठवडे फार दमवणारे असतात. आवडत असेल तर राहू द्या. प्रोग्रामिंग, वेल्डिंगशिवाय तिथे लिखाण, प्रायोजक मिळवणं, मुलांना शिकवणं अशीही कामं असतात. आवडत नसेल तर हेही जाऊ द्या. दोन्ही सुटलं म्हणून आभाळ कोसळणार नाही.

नोकरी मला आवडली. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात शाळेतल्या मुलीने दुकानात उभं राहणं म्हणजे परिस्थिती वाईट असं वाटायचं, आणि ते आपल्या मनातून अजून गेलेलं नाही. इथे तसं नाही. वेळेवर पोचणं, उकाड्यात रांगेतल्या चिडलेल्या गिऱ्हाइकाशी नीट बोलणं, रात्री गल्ल्याचा हिशोब जुळेपर्यंत घरी न निघणं हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. न्यू जर्सीत 18 खालच्या मुलांना वर्किंग पेपर्स लागतात, ते आता राज्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतात. आणि 16 पूर्ण होईपर्यंत शाळेच्या दिवसांत रोज 3 तास आणि आठवड्याला 18 तास अशी कायद्याची मर्यादा आहे. मी त्याहूनही कमी, सहा-आठ तासच म्हणेन. तिला शनिवार हवा आहे हेही विसरू नका. दुकानाची शिफ्ट शनिवारीच लागली तर जे मागितलं ते हातात पडायच्या आधीच जाईल. दुकानदाराशी वार ठरवताना तिने हे लक्षात ठेवावं.

तुमच्या जागी मी असते तर दहावीसाठी असं ठरवलं असतं: मराठी शाळा आहे तशी, तबला तिच्या उत्तराप्रमाणे, डिबेट बंद, रोबोटिक्स पहिल्या सत्रापुरतं तिच्या मर्जीवर, आठवड्याला दोन शिफ्ट आणि एक दिवस पूर्ण मोकळा. जूनमध्ये पुन्हा बसून बघायचं. तोवर व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट ठेवलात तर फार काही बुडणार नाही.

आणि बाबांना सांगा की "करू दे काय ते" एवढं पुरत नाही. ते त्यांचं मत बरोबर असेल, पण फेऱ्या, फॉर्म आणि काळजी सगळी तुमच्यावर टाकून ते तटस्थ राहिले तर तुम्हाला भीती वाटणारच. सी-7 वाचायला तेही हवेत, आणि मराठी शाळेची रविवारची फेरी त्यांनी घ्यावी.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींची मुलं सहावी-सातवीत असतील आणि आतापासून काय सुरू करू असा प्रश्न मनात असेल. अर्जात नववीच्या आधीच्या वर्षांना रकानाच नाही. चार गोष्टी करून सोडायला हीच वर्षं चांगली. काहींची मुलं आत्ता अकरावीत जात असतील आणि "आमच्याकडे तर काहीच नाही" असं वाटत असेल. त्यांनी घाईने क्लब लावू नयेत. मूल मोकळ्या वेळात काय करतं ते पंधरा दिवस नुसतं टिपून ठेवा: धाकट्या भावाला गणित शिकवणं, मंडळाच्या गणपतीला साउंड सिस्टिम लावणं, घरी कॉम्प्युटर दुरुस्त करणं, बाबांच्या दुकानात बसणं. यातल्या बहुतेक गोष्टींना त्या दहा जागांमध्ये जागा आहे. शिवाय आता सुरू केलेली नोकरी किंवा सेवा बारावीच्या नोव्हेंबरपर्यंत वर्षाहून जास्त होते. कॉमन ॲप दरवर्षी 1 ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं, पण खातं कधीही काढता येतं आणि भरलेल्या ॲक्टिव्हिटीज पुढच्या वर्षी तशाच राहतात. मुलाने खातं उघडून आत्ताच एक-दोन ओळी भरून बघाव्यात. तास आणि आठवडे आठवत असतानाच लिहिलेले बरे, बारावीत ते कुणालाच नीट आठवत नाहीत.